वरची निळी पट्टी

माय दर चार-दोन महिन्यांनी मला तोच प्रश्न विचारायची. भाकरी थापता थापता, शेंगा फोडताना, कधी वडवणीच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना. "त्यो माझ्यावर रागावून गेला का गं?"

त्यो म्हणजे माझा थोरला भाऊ, आमचा दादा. तो घरातून गेला आणि परत आलाच नाही, त्याच पावसाळ्यात जगातूनही गेला. जाताना कुणाजवळ निरोप नाही की काही नाही. मी काय सांगणार? "न्हाई गं माय, त्यो कशाला रागावतोय," एवढं म्हणून मी विषय बदलायचे. ती मान हलवायची आणि चार-दोन महिन्यांनी पुन्हा विचारायची. माझ्या उत्तरावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

दादानं मागं ठेवलेली वस्तू एकच, एक भलंमोठं चित्र. वडवणीला एका दूध संस्थेच्या हॉलमध्ये ते टांगलेलं होतं. आम्हाला त्याच्या मनातलं काही शोधायचं तर ते त्या चित्रातच शोधावं लागणार होतं, आणि माय ते चित्र बघायलाच तयार नव्हती. कारण तिच्या आणि दादाच्या मधे एक भिंत होती, घराची, खरीखुरी मातीची.

आमच्या वस्तीत चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी भिंती पोतारायची रीत होती. माळावरून पांढरी माती आणायची, रात्रभर भिजवायची, आणि सकाळी त्यात कापडाचा बोळा बुडवून हातानं भिंतीवर फिरवायचा. भिंत वाळून पांढरीशुभ्र झाली की अगदी वर, इकडून तिकडं, चार बोटं रुंद अशी निळीची पट्टी ओढायची. पांढरं काम बाईमाणसाचं आणि पट्टी घरातल्या उंच माणसाची. बाप आम्ही लहान असतानाच गेलेला. म्हणून दादा मिसरूड फुटायच्या आधीपासून ती पट्टी ओढायचा. दुधाचा रिकामा कॅन उपडा घालून त्यावर दादा, हातात निळीचा वाडगा, खाली दोन्ही हातांनी कॅन धरून बसलेली माय, आणि तिचा आवाज, "सरळ वढ रं, न्हाईतर लोक म्हणतील घर पिलेलं हाय."

पट्टी कुठून ओढायची हेही ठरलेलं होतं. मायचा हात जिथं संपतो तिथून.

आणि पोतारताना मधे थांबायचं नाही. निम्मी भिंत वाळली आणि निम्मी मागाहून केली की मधे सांधा दिसतो, तो वर्षभर जात नाही. त्यामुळं माय भिंतीला लागली की तिला हाक मारायची सोय नव्हती. एकदा मी पाहुणे आले म्हणून हाक मारली तर तिनं ओला बोळा माझ्या तोंडावर फेकला होता. पाहुणे हसले, मी रडले, माय पुन्हा भिंतीला लागली.

दादा शहरात चित्रकला शिकून गावी आला ते साल दुष्काळाचं होतं. संक्रांतीलाच विहिरींचे तळ दिसायला लागले होते. टँकर यायचा तेव्हा वस्तीत जी भांडणं व्हायची ती ऐकून माणसानं बहिरं व्हावं. जनावरं चारा छावणीला गेली होती. गावातल्या दूध सोसायटीचे कॅन भिंतीला ओळीनं उपडे घातलेले, त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या. अशा गावात चित्रकाराला कोण काम देणार? दादानं मग आपल्याच घराची समोरची भिंत धरली. गेरू, काजळ आणि नीळ, बस्स.

त्यानं भिंतीवर काय काढलं, तर मायचं गोंदण. आमच्या लोकांनी जुने देव सोडले तेव्हा माय परकरात होती. देव सोडता आले, हातावरचं गोंदण कसं सोडणार? फणी, पाळणा, विंचू, बैल, आणि मधे मधे पाच ठिपक्यांच्या चौकटी. लहानपणी दादा ते बोटानं गिरवत गिरवत झोपायचा. आता त्यानं तेच भिंतीवर मोठं केलं, पण जसंच्या तसं नाही. फणीचे दात खाली वाढत गेले आणि नांगराचे तास झाले. विंचवाची नांगी लांबत लांबत विहिरीत सोडलेला दोर झाली. पाळणा माणसाएवढा, रिकामा. बैलांना चौकोनी अंग आणि काडीसारखे पाय. मी बीडला वसतिगृहात राहून शिकत होते. सुट्टीत आले की बघायचे, दर वेळी भिंत पुढं सरकलेली असायची.

"माझ्या हातावरची घाण भितीवर कशाला काढतो रं?" माय म्हणायची, आणि दुपारी शेजारणीला हळूच बोलावून आणून दाखवायची. पदर तोंडाला लावून हसायची. तिला लई आवडलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

मग जयंती जवळ आली आणि मायनं भिंत पोतारून टाकली.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो कपाळावर हात मारतो. पण आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा. भिंतीवरचं चित्र राखून ठेवायचं असतं हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं. भिंतीवर काढायचं, वर्षभर बघायचं, सणाला पुसायचं, पुन्हा काढायचं. "पुसलं तर परत काढल की," माय म्हणायची, "हात त्याचाच हाय न्हवं?" त्या साली पोतारायला पाणी कुठलं? तिनं कितीतरी दिवस हात धुतलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी घमेल्यात साठवून खाटेखाली लपवून ठेवलं होतं. दुष्काळ म्हणून जयंतीला घर काळं ठेवायचं? ते तिला मरण होतं. आणि खरं सांगू, मला वाटतं तिनं दादासाठीच ती भिंत पांढरी केली. त्याला नवी कोरी जागा मिळावी म्हणून.

तिच्या सांगण्याप्रमाणं दादा त्या दिवशी सकाळीच बाहेर पडला होता. दिवस मावळताना आला. भिंतीकडं बघितलं, म्हणाला, "चांगली झाली माय." जेवला, झोपला. दोन दिवसांनी पेटी उचलून निघाला. वडवणीच्या दूध संस्थेत नव्या हॉलसाठी चित्र काढायचं काम मिळालं होतं, तिथंच कोठीत राहायचं होतं. माय म्हणाली, "आन् पट्टी?" तो म्हणाला, "येतो की पट्टी वढायला."

जयंती झाली. वस्तीत आमचंच घर बिनपट्टीचं. दादा आला नाही. चित्राचं काम संपलं आणि त्याला कावीळ झाली. त्यानं ती अंगावर काढली. बीडच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. माय त्याच्या पायाशी बसून "आरं, बोल की" म्हणत राहिली. तो बोलला नाही.

त्यामुळं तिच्याजवळ राहिले ते त्याचे दोन शब्द, "चांगली झाली." ते तिनं इतकी वर्षं उलटेसुलटे करून बघितले. टोमणा होता का? खरंच म्हणाला का? भिंतीला तिनं दर साली पांढरी माती लावली, पण निळी पट्टी कुणाला ओढू दिली नाही. माझा नवरा एकदा कौतुकानं वाडगा घेऊन पुढं झाला तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पावणं. त्ये ज्याचं हाय त्याचं हाय."

आता चित्राबद्दल सांगते. प्लायवूडचे चार तुकडे जोडून केलेलं, भिंतभर. खाली काळ्याभोर मातीचा पट्टा, त्याला गेलेल्या भेगा गोंदणाच्या ठिपक्यांनी शिवल्यासारख्या. उजव्या कडेला तीच फणी, तोच विंचू, चौकोनी बैल. एक बैल तर अर्धाच, कारण डावीकडून एक पांढरा रंग येतो आणि सगळं झाकत जातो. चित्राचा निम्म्याहून जास्त भाग नुसता पांढरा. आणि सगळ्यांच्या वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक निळी पट्टी.

संस्थेच्या चेअरमनला हवी होती हसरी बाई, तिच्या डोईवर कळशी आणि शेजारी पुष्ट म्हैस. चित्र बघून तो म्हणाला होता म्हणे, "ह्यात म्हैस कुठंय बे? आन् रंग पुरला न्हाई का?" पण माणूस वाईट नव्हता. दादा गेल्यावर त्यानं ते चित्र उतरवू दिलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा, "ह्ये पांढरं म्हंजी दूध हाय."

पुढं बऱ्याच वर्षांनी एका कला महाविद्यालयाचे प्राध्यापक ते बघायला आले. त्यांनी मला चित्रासमोर उभं करून पुष्कळ समजावलं. लोकचित्रांतले आकार असे सोलून घेतले आहेत, त्यांची गोष्ट काढून टाकून हाडं ठेवली आहेत, आणि पांढरं म्हणजे विसर. एक संस्कृती पुसली जाते आहे. ते बोलताना सारखा चष्मा पुसत होते, आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांनी नीट बघितलं होतं. त्यांनीच मला दाखवलं की तो पांढरा एकसारखा नाही. डावीकडं लख्ख, आणि बैलांच्या जवळ येईल तसा करडा, मातकट होत जातो. "असं का केलं असेल?" ते स्वतःशीच म्हणाले.

माझं स्वतःचं म्हणणं वेगळं होतं. मी वडवणीच्या शाळेत शिकवायचे, दर वर्षी मुलांना तिथं न्यायचे आणि सांगायचे: पांढरं म्हणजे दुष्काळ, निळं म्हणजे ढग नसलेलं आभाळ. पोरं माना डोलवायची. दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही अशी पोरं ती.

अलीकडच्या एका दुष्काळात ती दूध संस्था बंद पडली. हॉल रिकामा करायचा ठरला आणि चित्र शहरातल्या एका संग्रहालयात न्यायचं ठरलं. मी मायला म्हटलं, "आता गेलं की गेलं. तिथवर तुझ्यानं जाणं व्हायचं न्हाई." एरवी ती म्हणायची, "त्याची भित पुसली म्या. कंच्या तोंडानं बघू?" या वेळी मात्र सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारात येऊन बसली.

हॉलमध्ये धूळ होती, खुर्च्या एकीवर एक रचलेल्या. शिपायानं खिडक्या उघडून दिल्या आणि तो चहाला गेला. माय आधी लांबूनच बघत राहिली. मग एकदम पुढं गेली आणि पांढऱ्या भागावर हात ठेवला. कमानीसारखे मारलेले हात होते ते, एकावर एक, खालून वर जाणारे, आणि प्रत्येक कमानीच्या शेजारी एक बारीक जादा रेघ. घरच्या भिंतीवर मी तशी रेघ शंभरदा बघितली असेल, इथं कधी ओळखली नव्हती. मायच्या उजव्या हाताची करंगळी विळ्यानं कापल्यापासून वळत नाही. पोतारताना ती बोळ्याबाहेर राहते आणि भिंतीवर वेगळी उमटते.

"ह्यो माझा हात हाय," माय म्हणाली.

आणि तिनं मटकन खाली बसून घेतलं. "बघ, मांडून ठिवलं त्यानं माझं करणं. समद्या मुलखाला दाखिवलं. आन् तू म्हन्तीस रागावला न्हाई." ती रडायला लागली. दवाखान्यात ती रडली नव्हती इतकी रडली. मला स्वतःचाच संताप आला, कशाला आणलं मी हिला इथं? म्हातारीला चार दिवस सुखानं जगू द्यायचं सोडून!

तिच्या डोक्यावर हात ठेवून मी उभी होते. डोळे चित्राकडंच होते, बैलांच्या शेजारच्या त्या करड्या रंगाकडं, आणि प्राध्यापकांचा प्रश्न आठवला. करडा का? आमच्या घरातल्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. ओली पांढरी माती करडीच दिसते. वाळल्यावर पांढरी होते.

"माय," मी विचारलं, "त्या दिशी दादा आला तवा भित वाळली व्हती का वली व्हती?"

"वाळून खडखडीत. सांच्याला आला की त्यो. उनाचं काय टिकतंय वलं?"

"मग ह्ये वलं कुणी बघितलं?"

तिला कळेना. मी तिला उठवलं, जवळ नेलं. डावीकडं वाळलेलं, मधे वाळत आलेलं, उजवीकडं ओलं, आणि त्याच्यापुढं अजून न पुसलेला अर्धा बैल. ही पुसून झालेली भिंत नव्हती. पुसणं चालू असतानाची भिंत होती. दादा दुपारीच आला होता. दारात नाहीतर समोरच्या बाभळीखाली उभा राहून त्यानं तिला पोतारताना बघितलं होतं, हात कसा वर जातो, करंगळी कशी उमटते इथपर्यंत. मग तसाच मागं फिरला होता आणि दिवस मावळेस्तोवर कुठंतरी बसून राहिला होता. कुठं, ते आता कोण सांगणार.

"मग हाक कावून न्हाई मारली?" तिचा आवाज चढला, जणू तो समोरच उभा होता. "एक हाक मारायची व्हती! तितं निम्मं तरी ऱ्हायलं असतं. मी काय कसाबीण व्हते का? थांबले असते की..."

ती मधेच थांबली. पुन्हा त्या ओल्या रंगाकडं बघितलं.

"सांधा पडला असता," ती हळूच म्हणाली.

मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "आन् पानी वाया गेलं असतं. त्याला ठावं व्हतं, खाटंखाली घमेलं कवापासून व्हतं त्ये."

मी तिला वरची पट्टी दाखवली. खरं तर मीही ती त्याच क्षणी पहिल्यांदा बघत होते. इतकी वर्षं मी तिला आभाळ म्हणत आले, आणि ती होती चार बोटं रुंद, निळीची, जिथं मायचा हात संपतो तिथून ओढलेली. येतो म्हणाला होता. घरी नाही आला, पण पट्टी ओढून गेला. शेवटचं काम म्हणून तीच ओढली असणार, कारण पट्टी शेवटीच ओढतात.

माय मान वर करून बघत राहिली. "सरळ वढलीय," म्हणाली. मग, "न्हाई, तिकडच्या बाजूला जरा उतरलीय." आणि थोड्या वेळानं, "कॅन कुणी धरला आसंल गं त्याला?"

शिपाई येईपर्यंत आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.

त्यानंतर तिनं मला तो प्रश्न कधी विचारला नाही. मला वाटलं होतं, तिला हलकं वाटेल. तसं झालं नाही. ती जास्तच गप्प झाली. रुसून गेलेल्या माणसाची समजूत काढता येते, तो कधीतरी येईल असं मनाच्या एका कोपऱ्यात धरून ठेवता येतं. इतकी वर्षं तिनं ते धरून ठेवलं होतं, आणि मी चित्राचा अर्थ लावता लावता ते तिच्या हातून काढून घेतलं. वाईट वाटतं. पण विचारलं असतं तर तिनं हेच मागितलं असतं, असंही वाटतं.

पुढच्या जयंतीला मी गावी गेले तेव्हा माय भिंतीला लागलेली होती. मी दारातच थांबले. पाठ वाकलेली, बोळा धरलेला हात खालून वर जाणारा, बाहेर राहिलेली करंगळी. डावीकडं वाळत आलेलं, उजवीकडं ओलं. मी हाक मारली नाही. भिंत पूर्ण होईस्तोवर बाभळीखाली जाऊन बसले.

दुपारी तिनंच हाक मारली. कॅन उपडा घातलेला होता, वाडग्यात नीळ कालवलेली होती.

"चढ," ती म्हणाली. "आता तूच वढ."

मी चढले. ती खाली बसली, दोन्ही हातांनी कॅन धरला. बोळा निळीत बुडवून वर नेताना पहिला थेंब तिच्या कपाळावर पडला. तिनं तो पुसला नाही.

वर जुना पांढरा रंग पिवळट पडलेला होता, दादाच्या वेळी तिचा हात पोचायचा तिथवर. त्याच्या वरच्या कडेपासून वीतभर खाली आजचा ताजा पांढरा सुरू होत होता. कुठून ओढू, असं मी विचारलं नाही. तिचा हात आता जिथं संपत होता तिथून मी पट्टी ओढायला सुरुवात केली.